पन्नासांतली सतरावी प्लेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राफिटीतून अमूर्त चित्रकलेकडे आलेल्या एका कलावंताची सिरॅमिकची गोल प्लेट तुम्हाला दुसऱ्या संग्राहकाकडून मिळते आहे. व्यास ४० सेंटिमीटर, मागे १७/५० आणि सही, सोबत प्रमाणपत्र आणि खोका. ती खरी आहे का, कलावंताने स्वतः रंगवली आहे की कुठेतरी छापून घेतली आहे, घ्यावी की नाही, आणि घेतली तर जपायची कशी, हे तुम्ही विचारलं आहे. तीन फोटो जोडले आहेत, तिन्ही समोरून काढलेले.

मी २६ वर्षं माती भाजते आहे. त्यातली बरीच वर्षं चित्रकारांना अशाच आवृत्त्या, म्हणजे एकाच कामाचे क्रमांक घातलेले मोजके नग, करून देण्यात गेली. म्हणजे मागे सही त्यांची आणि भट्टीपाशी रात्र काढायची आम्ही. त्यामुळे या विषयात मी अगदी तटस्थ नाही, एवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

आधी फोटोंविषयी. चित्र समोर असतं हे खरं, पण सिरॅमिकची कुंडली पाठीवर लिहिलेली असते. पायाचं कडं, तिथली उघडी माती, शिक्के, आकड्याची शाई, कडेच्या मागच्या बाजूला उडालेले थेंब, हे सगळं मागे. विकणारा पाठीचा फोटो देत नसेल तर त्याला फक्त आळस आला असेल, पण आळस गेल्याशिवाय पैसे देऊ नका.

'खरी आहे का' या प्रश्नात तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधलेत. ही प्लेट कलावंताच्या संमतीने निघाली का, हा एक. आणि त्याचा हात तिला लागला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असं बऱ्याचदा असतं, आणि त्यात फसवणूक काहीच नसते. पिकासोचंच घ्या. १९४७ पासून तो फ्रान्समधल्या वालोरिस गावी सुझान आणि जॉर्ज रामिए यांच्या मादुरा कार्यशाळेत काम करत होता. १९७१ पर्यंत तिथे त्याच्या ६३३ वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या, कुठली २५ नगांची तर कुठली ५०० ची. त्या दोन पद्धतींनी होत. एकीत पिकासोने केलेली मूळ वस्तू समोर ठेवून मादुराचे कारागीर तिची हुबेहूब प्रत हाताने करत. दुसरीत पिकासोने कोरलेल्या प्लास्टरच्या साच्यावर ओली माती दाबून ठसा घेतला जाई. कुठली प्रत कशी झाली ते मागच्या शिक्क्यांवरून कळतं. कारागिरांनी रंगवलेल्या त्या प्रती आज मोठमोठ्या संग्रहांत आहेत आणि त्यांना कोणी खोटं म्हणत नाही. फक्त त्यांना पिकासोने रंगवलेलं एकमेव पात्र म्हणून कोणी विकतही नाही.

कायद्याचंही याबाबतीत एक मत आहे. युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कराच्या नियमांत शिल्पाच्या आठ प्रतींपर्यंत, छायाचित्राच्या तीस प्रतींपर्यंत 'कलाकृती' धरतात. सिरॅमिकला ही सवलत नाही. तिथे एकुलती एक, संपूर्णपणे कलावंताने केलेली आणि त्याची सही असलेली वस्तूच कलाकृती. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम करणाऱ्याला एक गोष्ट नक्की कळली होती: मातीच्या वस्तूत हात कुणाचा, हे ठरवणं अवघड असतं. म्हणून 'किती प्रती' या प्रश्नाआधी 'हात कुठल्या टप्प्यावर लागला' हे शोधायचं. आणि ते बऱ्याच वेळा वस्तूच सांगते.

आता ग्राफिटीकडे येते, कारण या कलावंतांच्या बाबतीत हाताचा प्रश्न जास्तच टोकदार होतो. १९८० मध्ये फ्युचुरा २००० या नावाने काम करणाऱ्या कलावंताने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक अख्खा डबा रंगवला. त्या काळात डब्यावर आपलं नाव रंगवायची रीत होती. त्याने डबाभर रंगांचे ढग, ठिपके, फवाऱ्याच्या बारीक रेषा केल्या. अक्षराऐवजी नुसती हाताची हालचाल आणि फवारा हेच चित्र झालं. होसे पार्ला हा चित्रकार वेगळ्या वाटेने तिथे येतो. त्याच्याकडे अक्षरांचं इतकं वेटोळं होतं की वाचायला काही उरत नाही. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरमधलं त्याचं सुमारे २७ मीटर लांब चित्र पाहिलंत तर रेषा खांद्यातून आली आहे हे लगेच कळतं. या मंडळींचं भांडवल काय, तर वेग, स्प्रेचा डबा भिंतीपासून किती लांब धरला त्यावर ठरणारी फवाऱ्याची धूसर कड, वरून ओघळलेला रंग, आणि एकावर एक चढलेले थर.

यातलं भट्टीतून काय टिकून बाहेर येतं? स्प्रे पेंट तर येतच नाही. त्यातला बांधणारा राळेसारखा पदार्थ सेंद्रिय असतो. तो ५०० अंशांच्या आतच जळून जातो आणि मागे बोटाला लागणारी भुकटी राहते. म्हणजे भाजलेल्या ग्लेझखाली (मातीवरच्या काचेसारख्या थराखाली) किंवा ग्लेझवर तुम्हाला जो 'स्प्रे' दिसतो, तो स्प्रेच्या डब्यातून आलेला नसतोच. तो कोणीतरी सिरॅमिकच्या रंगांत पुन्हा बोललेला असतो. कोणी आणि कसा, एवढंच आपल्याला शोधायचं.

एक प्रसंग सांगते. भिंतींवर वीस-वीस फुटांच्या रेषा सहज ओढणारा एक चित्रकार माझ्याकडे आला. मी त्याला बिस्क प्लेट दिली, म्हणजे ग्लेझ न लावता हजारेक अंशांवर एकदा भाजलेली. त्याने कुंचला काळ्या अंडरग्लेझमध्ये, म्हणजे ग्लेझखाली द्यायच्या रंगात, बुडवला, खांदा फिरवला, आणि रेषा वीतभर जाऊन अडकली. पुढे नुसता कोरडा ओरखडा. बिस्क ही टीपकागदासारखी असते, कुंचला टेकला की पाणी ओढून घेते आणि रंग जागच्या जागी बसतो. त्याने पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कुंचला टाकून तो बाहेर जाऊन बसला. पुढचे तीन दिवस आम्ही उपाय शोधत होतो. प्लेट आधी ओल्या स्पंजाने पुसून घेतली. रंगात थोडा सीएमसी (सेल्युलोजचा) गोंद आणि ग्लिसरीन घातलं. शेवटी बिस्क बाजूला ठेवून कच्च्या, लेदर-हार्ड मातीवर, म्हणजे चामड्याइतकी घट्ट झालेल्या पण अजून ओलसर मातीवर, पातळ स्लिपने (पाण्यात कालवलेल्या मातीने) रेषा ओढून पाहिली, आणि तिथे ती धावली. ओली माती ओला रंग इतक्या घाईने पीत नाही. शिवाय कुंचल्याच्या केसांनी मातीत बारीक चरे पडले आणि भाजल्यावरही ते राहिले. छापून असा चरा आणताच येत नाही, आणि वस्तू हातात घेतली की पहिल्यांदा मी तोच शोधते.

वेग आणि माती यांचं हे भांडण जुनं आहे. पॅरिसच्या युनेस्को इमारतीसाठी चित्रकार मिरो आणि सिरॅमिकचा कारागीर आर्तिगास यांनी १९५८ मध्ये सिरॅमिकच्या दोन भिंती पुऱ्या केल्या. त्यांवरच्या लांबलचक काळ्या रेषा मिरोने ताडाच्या पानांच्या झाडूने ओढल्या. चुकली तर दुरुस्ती नाही, आणि आर्तिगास बिचारा शेजारी श्वास रोखून उभा. पुढच्याच वर्षी इटलीतल्या आल्बिसोला गावात आसगेर योर्न या डॅनिश चित्रकाराने डेन्मार्कच्या आर्हुसमधल्या एका शाळेसाठी २७ मीटर लांबीचं सिरॅमिक उठावचित्र करताना ओल्या मातीवरून चक्क स्कूटर चालवली. योर्नने ओळखलं होतं की मातीवर हालचाल उमटवायची तर ती मातीच्या ओल्या वेळेतच करावी लागते. उशीर झाला की मग नक्कल सुरू होते.

आता तुमच्या प्लेटकडे. अशी प्लेट साधारण चार वाटांनी बनते आणि प्रत्येक वाट खुणा सोडून जाते.

सगळ्यांत जास्त दिसणारी वाट डिकॅलची. कलावंत कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर चित्र करतो. ते सिरॅमिक रंगांत, गोंद लावलेल्या खास कागदावर स्क्रीन प्रिंटिंगने किंवा सिरॅमिक टोनरच्या प्रिंटरने छापतात. वर लाखेसारखा एक थर देतात. कागद पाण्यात भिजवला की चित्राची पातळ कातडी सुटते. ती तयार ग्लेझ केलेल्या पांढऱ्या प्लेटवर सरकवायची, रबरी पट्टीने खालचं पाणी आणि हवा काढायची, सुकवायची आणि ७५० ते ८५० अंशांवर पुन्हा भाजायची. लाख जळून जाते, रंग ग्लेझवर चिकटतो. वाचायला सोपं आहे. वाकड्या प्लेटवर ४० सेंटिमीटरची कातडी सुरकुती न पाडता बसवून बघा, मग कळेल. सपाट कागदावरचं वर्तुळ वाडग्यासारख्या खोलगटावर बसवायचं म्हणजे कडेला जास्तीची कातडी कुठेतरी जाणारच. ती ताणून जिरवावी लागते, नाही तर चुणी पडते.

ओळखायचं कसं? दहापट दाखवणारं भिंग घ्या, दागिने तपासतात तसलं. रंगांच्या संथ उतरणीच्या जागी, म्हणजे काळ्याचा करडा होत जातो तिथे, पाहा. ठिपके एका शिस्तीत, जाळीसारखे दिसले तर चार रंगांची छपाई. ठिपके नाहीत पण रंगाची कड वस्तऱ्याने कापल्यासारखी आहे आणि आतला रंग सपाट, तर स्क्रीनचे सुटे रंग. कुठे टाचणीच्या टोकाएवढा पांढरा खड्डा असेल तर तिथे हवा अडकली होती. चित्राच्या कडेलगत, प्लेट वळते तिथे, एखादी रेषा विनाकारण जराशी मोडल्यासारखी किंवा दुहेरी वाटली तर ती चुणी.

मी मात्र भिंगाच्याही आधी अंगठा वापरते. कडेच्या मागच्या बाजूने अंगठा हळू फिरवा. फवारणीच्या गनने किंवा एअरब्रशने खरोखर रंग मारला असेल तर धुकं कडेपाशी थांबत नाही, ते मागे वळून जातं. मागे बारीक खरखरीत कण लागतात, नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. थेंबांचे आकार असमान असतात, एखादा जाडा थेंब भलत्याच जागी पडलेला असतो. डिकॅलचं धुकं कडेला येऊन गप्पकन संपतं आणि मागची बाजू कोरी असते. झाकपट्टी लावून फवारलं असेल तर मागे स्वच्छ राहू शकतं, हे खरं. पण ग्राफिटीच्या रीतीने काम करणारा कलावंत पाठीमागे कागद चिकटवत बसला असेल, हे मला कल्पनेतही दिसत नाही.

ओघळांचं तर वेगळंच शास्त्र आहे. कुंचल्यातून किंवा गनमधून ओल्या रंगाचा ओघळ बिस्कवर दोन-तीन सेंटिमीटरांत सुकून थांबतो, त्याचं टोक बोथट आणि कोरडं. ग्लेझचा ओघळ भट्टीत, काच वितळल्यावर वाहतो. त्याची वरची बाजू पातळ होऊन खालची माती दिसायला लागते, आणि खाली टोकाला मधाच्या थेंबासारखा फुगीर मणी जमतो. नख लावलं तर तो उंचवटा लागतो. ओघळाच्या कडांना शेजारच्या रंगाची सरमिसळ दिसते, थोडी धूसर. डिकॅलचा ओघळ दिसायला तसाच पण बोटाखाली सपाट. आणखी एक गोष्ट. भट्टीत प्लेट आडवी ठेवली तर ओघळ खोलगटाच्या मध्याकडे जातात, उभी भाजली तर खालच्या कडेकडे. तुमच्या फोटोत ओघळ सरळ खाली कडेपर्यंत आलेत. म्हणजे एक तर ती आधारावर उभी भाजली, किंवा ते भट्टीतले ओघळच नाहीत. उभी भाजली असेल तर खालच्या कडेला आधाराच्या खुणा असायला हव्यात. तो फोटो जरूर मागवा.

पण सगळ्यांत चांगली कसोटी फुकटची आहे. याच आवृत्तीतल्या दुसऱ्या कुठल्याही क्रमांकाचा, ९ असो की ४२, फोटो शोधा आणि शेजारी ठेवा. ओघळ त्याच जागी, तेवढेच लांब असतील तर छापील. जागा साधारण तीच पण लांबी वेगळी, तर हाताने केलेली प्रत. सगळंच वेगळं असेल तर ती बदलती आवृत्ती, छापील चित्रकलेतले लोक तिला ई. व्ही. लिहितात. तिथे प्रत्येक नग स्वतंत्र असतो आणि आकडा फक्त मोजणीसाठी.

दुसरी वाट मिश्र आहे: तळाला डिकॅल, त्यावर कलावंताने हाताने दोन-चार रेषा किंवा फटकारे. वर्णनात 'हँड-फिनिश्ड' लिहिलं असेल तर बहुधा हेच. 'हँड-पेंटेड' आणि 'हँड-फिनिश्ड' यांत मोठं अंतर आहे, विकणारे ते अंतर पटकन ओलांडतात. तिसरी वाट कारागिराने प्रत करायची, मादुरासारखी. चौथी वाट कलावंताने प्रत्येक नग स्वतः करायची. पन्नास नगांची अशी आवृत्ती मी दोनदाच पाहिली आणि दोन्ही वेळा तिसाव्या नगानंतर चित्रकाराचा हात कंटाळलेला दिसत होता. त्यामुळे 'प्रत्येक नग स्वहस्ते' म्हणजे आपोआप चांगला, असं मला वाटत नाही. कलावंताने रंग वेगळे करताना स्क्रीनपाशी उभं राहून, सहा वेळा नाकारून केलेली डिकॅल मी कंटाळलेल्या हातापेक्षा वर ठेवीन.

यांपैकी कशातच न बसणारी एक जात मात्र जपून ओळखा. ग्लेझ करून पूर्ण भाजलेली प्लेट घ्यायची आणि तिच्यावर कलावंताने सरळ स्प्रेच्या डब्याने, पेंट मार्करने काम करायचं. आम्ही याला थंड रंग म्हणतो, कारण त्यानंतर भट्टी नाही. यात एक गंमत आहे. कलावंताची हालचाल सगळ्यांत अस्सल याच प्रकारात असते, कारण तो त्याचंच हत्यार वापरतो. आणि वस्तू म्हणून सगळ्यांत कच्ची हीच असते. ग्लेझ म्हणजे काच, काचेवर पेंट धरायला काही नसतं. नखाने निघतो, उन्हाने उडतो. खात्री करायची तर न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा नुसत्या पाण्यात किंचित ओला करून हलकेच टेकवा. स्पिरिट, ॲसिटोन अजिबात नको, नाही तर तपासण्यासाठी काही उरणार नाही. नियॉन गुलाबी किंवा चमकता पिवळा दिसला की मी तपासायच्या आधीच थंड रंग धरून चालते. भाजून टिकणारा झगझगीत फ्लुरोसंट रंग मला अजून भेटायचा आहे.

रंगांवरून आठवलं. लाल हा सिरॅमिकमधला रुसणारा रंग. झणझणीत लाल कॅडमियम-सेलेनियमचा असतो. साध्या स्वरूपात तो जास्त उष्णता सोसत नाही, म्हणून त्याचे कण झिर्कोनियम सिलिकेटच्या स्फटिकांत बंद करून वापरतात. कोबाल्टचा निळा मात्र कुठेही टिकतो. त्यामुळे एका प्लेटवर लाल, निळा, काळा आणि सोनेरी असतील तर ती बहुधा तीन-चार वेळा भाजलेली असते, सगळ्यांत गरम आधी, सोनेरी शेवटी. दर वेळी तापताना आणि थंड होताना ती ५७३ अंशांमधून जाते. तिथे मातीतला क्वार्ट्झ झटकन आकार बदलतो. घाई केली की तडा.

माझं नुकसान झालं ते मात्र हिरव्याने. चाळीस नगांची आवृत्ती होती, कथिलाच्या ऑक्साइडचं पांढरं ग्लेझ, त्यावर काळ्या रेषा. जागा वाचवायला मी त्याच भट्टीत दुसऱ्या कुणाच्या क्रोमच्या हिरव्या वाट्या ठेवल्या. दार उघडलं तर वाट्यांशेजारच्या अकरा प्लेटी लाजल्यासारख्या गुलाबी झालेल्या. क्रोमची वाफ उडून शेजारच्या कथिलावर बसते आणि गुलाबी होतं, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत असे. चित्रकाराला त्या फार आवडल्या, त्याला त्याच ठेवायच्या होत्या. मी आवृत्तीच्या नियमावर अडून बसले आणि अकराही फोडल्या. आज तो निर्णय मी वेगळा घेतला असता.

या फोडाफोडीचा तुमच्या आकड्याशी संबंध आहे. पन्नास चांगल्या प्लेटी हव्या असतील तर मी सत्तरच्या आसपास करते. काही वाळताना वाकतात, काही बिस्कमध्ये तडकतात, काहींवर ग्लेझला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. म्हणून क्रमांक शेवटी, सगळं भाजून झाल्यावर पडतो, आणि तो बनवण्याच्या क्रमाने असतोच असं नाही. ३/५० ही ४७/५० पेक्षा श्रेष्ठ, ही समजूत कोरलेल्या धातूच्या पट्टीवरून ठसे काढणाऱ्यांकडून आली आहे. तिथे पट्टी झिजते. इथे झिजला तर प्लास्टरचा साचा झिजतो आणि आम्ही तो बदलतो. तुमची सतरावी पन्नासांतल्या कुठल्याही प्लेटीइतकीच चांगली किंवा वाईट.

विचारायचं असेल तर हे विचारा: पन्नासांशिवाय कलावंताच्या खासगी प्रती किती? त्या ए. पी. म्हणून लिहितात, साधारण दहा टक्के रीतीला धरून आहे. पन्नासांच्या आवृत्तीला पंचवीस ए. पी. असतील तर ती पंचाहत्तरांची आवृत्ती आहे. तेच चित्र दुसऱ्या रंगात, दुसऱ्या आकारात आलं आहे का, हेही.

आकडा कशाने लिहिला आहे ते भिंगाने पाहा. लेदर-हार्ड मातीत दाबलेला कार्यशाळेचा शिक्का आणि ग्लेझवरच्या रंगाने लिहून भाजलेला क्रमांक, ही चांगली जोडी. नुसत्या मार्करने लिहिलेला आकडा पुसता येतो आणि बदलताही. तो असला म्हणून वस्तू खोटी होत नाही, पण मग प्रमाणपत्रावर भिस्त वाढते. प्रमाणपत्रात साल, माध्यम, आकार, एकूण संख्या आणि कुठल्या कार्यशाळेत झाली हे असावं. नुसतं 'सिरॅमिक' लिहिलेलं प्रमाणपत्र म्हणजे चित्राच्या प्रमाणपत्रावर 'रंग' लिहिल्यासारखं.

मापही घ्या. माती वाळून, भाजून दहा ते पंधरा टक्के आटते, आणि प्रत्येक प्लेट जराशी वेगळी आटते. हाताने दाबलेल्या किंवा चाकावर केलेल्या दोन प्लेटींत काही मिलिमीटरचा फरक असायलाच हवा. सगळ्या अगदी सारख्या असतील तर तयार कारखानी प्लेट आणून तिच्यावर डिकॅल बसवली आहे. अशा वेळी मागे कारखान्याचा शिक्का असतो. कधी कधी तो एखाद्या रंगाच्या ठोकळ्याखाली झाकलेलाही असतो, प्लेट उजेडाला तिरकी धरली की दिसतो.

दोष पाहताना तड्याची कड बघा. कड गोलसर, ग्लेझ आत ओघळलेलं, तर तडा ग्लेझ वितळण्याआधीचा आहे, जन्माचा. तो बहुधा वाढत नाही. कड पात्यासारखी धारदार असेल तर तडा थंड होताना पडला किंवा नंतर कुणाच्या हातून. असली वस्तू मी घेत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, ज्याला क्रेझिंग म्हणतात, त्या ग्लेझ आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आटल्यामुळे येतात. कमी भाजलेल्या मातीत त्या दमटपणाने काही वर्षांनीही उमटतात. कलावंताला हव्या असतील तर सौंदर्य, नसतील तर दोष, आणि हे दुसऱ्या प्रतीचा फोटो पाहिल्याशिवाय ठरत नाही. अंधारात अतिनील टॉर्च मारा. जुनी जोडकामं, वरून मारलेला रंग वेगळाच चमकतो. मग प्लेट बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या हाताच्या पेरांनी हळू टिचकी मारा. घंटेसारखा नाद हवा. भद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारा तडा आहे.

जपण्याबद्दल थोडंच. भाजलेला रंग उन्हाने फिका पडत नाही, त्यामुळे ती भिंतीवर उजेडात लावायला भिऊ नका. थंड रंग असेल तर मात्र उन्हापासून लांब. स्प्रिंगच्या तारेचे हँगर वापरू नका. ते कडेला चारच टोकांवर सतत ओढत राहतात आणि ४० सेंटिमीटरच्या प्लेटचं वजन त्या टोकांना झेपत नाही. पायाच्या कड्याला मुद्दाम ठेवलेली भोकं असतील तर तिथून तार, नसतील तर रुंद आधाराचा स्टँड आणि खाली संग्रहालयात वापरतात तसल्या मेणाचे ठिपके. उचलताना दोन्ही हात खाली, कड धरून नाही. धूळ मऊ कुंचल्याने. सोनेरी काम असेल तर घासणं पूर्ण वर्ज्य, सोन्याचा थर इतका पातळ असतो की दोन दिवाळ्यांच्या साफसफाईत उतरतो. डिशवॉशर नको, लिंबू-व्हिनेगर नको. आणि त्यात काही खायला वाढू नका, विशेषतः ग्लेझवरच्या लाल-पिवळ्यात कॅडमियम किंवा शिसं असू शकतं. पाठवताना बबल रॅप थेट रंगाला लावू नका. थंड रंगावर बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उठतात. आधी मऊ, आम्ल नसलेला कागद, मग फोम, मग खोक्यात खोका.

आता तुमच्या तीन फोटोंवरून मला काय वाटतं. दुसऱ्या फोटोत, घड्याळाचे चार वाजतात त्या जागी, जाड काळी रेषा कडेवर चढताना किंचित मोडली आहे. मला ती चुणी दिसते. करड्या धुक्याची कड सगळीकडे प्लेटच्या कडेशी समांतर संपते. म्हणजे तळचं चित्र डिकॅल आहे, जवळपास खात्रीने. पण मधल्या दोन निळ्या ओघळांवर तिसऱ्या फोटोत वेगळी चकाकी आहे, आणि खालच्या टोकाला उजेड गोळा झालेला दिसतो. ते फुगीर असतील तर ही मिश्र वाट, आणि ते ओघळ कदाचित कलावंताचेच. तसं असेल आणि विक्रेता ती त्याच नावाने, त्याच हिशेबाने विकत असेल तर मी ती घेईन. पूर्ण हाताने रंगवलेली म्हणून मागत असेल तर नाही.

विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: पायाचं कडं जवळून, आकडा आणि सही जवळून, खालची कड मागून, आणि निळे ओघळ खिडकीच्या तिरक्या उजेडात. मिळाले की इथेच टाका. कडं आधी टाका, बाकीचे मागून आले तरी चालतील.